परसबागेतील नवी पालवी दर बहराला पिवळी पडते: कारणे आणि उपाय

लिंबोणीला, पेरूला किंवा कढीपत्त्याला नवी पालवी फुटते, काही दिवस ती कोवळी आणि पोपटी दिसते आणि मग गडद हिरवी होण्याऐवजी पिवळी पडत जाते, ही तक्रार छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आणि जालन्यापासून धाराशिवपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या घरामागे चार झाडे आहेत, त्यांच्याकडून सतत ऐकायला मिळते. शेतकरी याला ‘केवडा पडला’ असे म्हणतात. झाड उपाशी आहे असे समजून कोणी युरिया टाकते, कोणी शेणखताची पाटी रिकामी करते, तर कोणी चुलीतली राख पसरते. पंधरा दिवस थोडा फरक पडल्यासारखे वाटते आणि पुढच्या बहराची पालवी पुन्हा पिवळीच निघते. मराठवाड्याच्या मातीत आणि पाण्यात या तक्रारीचे जे कारण बहुतेक वेळा सापडते, ते खताच्या कमतरतेचे नाही. लोह जमिनीत भरपूर असते, पण ते मुळांना घेता येत नाही. म्हणूनच वरून खत घालून हा पिवळेपणा जात नाही, आणि म्हणूनच तो परत परत येतो.

आधी रोग ओळखावा

झाडाजवळ गेल्यावर पहिला प्रश्न एकच विचारावा: पिवळी झालेली पाने शेंड्याची आहेत की बुडाची? लोह हे अन्नद्रव्य झाडाच्या आत एकदा एका पानात बसले की तेथून सहजी हलत नाही. त्यामुळे त्याची टंचाई झाली की जुनी पाने हिरवीगार राहतात आणि फटका फक्त नव्या पानांना बसतो. या नव्या पानांत शिरांची जाळी हिरवी राहते आणि शिरांमधला भाग पिवळा होतो. टंचाई तीव्र असेल तर पुढे शिराही फिकट होतात, पान जवळजवळ पांढरट दिसते, कडा करपतात आणि शेंडा वाळतो.

पिवळेपणा बुडाच्या जुन्या पानांपासून सुरू झाला असेल, तर तो लोहाचा नव्हे. संपूर्ण जुने पान एकसारखे पिवळे होत असेल तर नत्र कमी पडलेले असते आणि तेथे शेणखत किंवा युरिया खरोखर उपयोगी पडतो. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होऊन शिरा हिरव्या राहात असतील, तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. नवी पाने शिरांसकट एकसारखी फिकट पिवळी असतील तर गंधकाची कमतरता असू शकते. लिंबोणीत जस्ताची कमतरताही वारंवार आढळते. तिच्यात नवी पाने लहान, अरुंद आणि उभट होतात, शेंड्याला ती झुपक्यासारखी दाटतात आणि शिरांच्या मध्ये पिवळे चट्टे दिसतात. लोह आणि जस्त या दोन्हींची अडचण एकाच प्रकारच्या मातीत होते, म्हणून एकाच झाडावर दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर गोंधळून जाऊ नये.

भेंडीच्या बाबतीत मात्र विशेष सावध राहावे लागते. भेंडीवरच्या ज्या रोगाला लोक केवडा किंवा हळद्या म्हणतात, तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी त्याचा प्रसार करते. त्यात चित्र अगदी उलटे असते: शिरा पिवळ्या होतात आणि शिरांमधला भाग सुरुवातीला हिरवा राहतो, नंतर सगळे पान आणि फळही पिवळे पडते. अशा झाडावर लोहाची कितीही फवारणी केली तरी ते सुधारत नाही. ते उपटून बागेबाहेर न्यावे आणि उरलेल्या झाडांवर पांढरी माशी वाढू देऊ नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण याच रोगाला प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध झाला, मात्र एखादा वाण प्रतिकारक आहे म्हणून तो कायम आणि सर्वत्र निरोगीच राहील असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. पानांच्या टोकांपासून आणि कडांपासून तपकिरी करपा आत सरकत असेल आणि कुंडीच्या कडेवर किंवा मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर ती क्षार साचल्याची खूण असते. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यावर वाढवलेल्या कुंड्यांमध्ये करपा आणि केवडा हे दोन्ही सोबतच आढळतात.

इतके पाहूनही खात्री होत नसेल, तर एक सोपी चाचणी करता येते. एक लिटर मऊ पाण्यात (पावसाच्या किंवा आरओच्या) ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबू सत्व (सायट्रिक आम्ल) विरघळवावे आणि पिवळ्या पालवीची एकच फांदी निवडून तिच्या पानांना दोन्ही बाजूंनी हे द्रावण संध्याकाळी लावावे. फांदीला दोरा बांधून खूण करावी. आठ ते दहा दिवसांत त्या फांदीवरची पाने ठिपक्याठिपक्यांनी किंवा पूर्ण हिरवी होऊ लागली आणि शेजारच्या फांद्या तशाच पिवळ्या राहिल्या, तर रोग लोहाचाच आहे असे समजावे. प्रयोगशाळेत पान तपासून घेण्यापेक्षा ही चाचणी अधिक विश्वासाची वाटते, कारण केवडा पडलेल्या पानात एकूण लोह कधी कधी निरोगी पानाइतकेच निघते. ते पानात असूनही निष्क्रिय असते, आणि साध्या अहवालात हा भेद दिसत नाही.

हे दरवर्षी का होते

मराठवाड्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि बेसाल्टमध्ये लोहाचा तुटवडा नसतो. अडचण आहे ती चुनखडीची. या मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; ७ च्या वर गेला की माती अल्कधर्मी) साधारणपणे ७.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. इतक्या अल्कधर्मी मातीत लोह गंजाच्या रूपात घट्ट बसते आणि पाण्यात विरघळत नाही. कोठार धान्याने भरलेले असावे आणि त्याची किल्ली हाती नसावी, तशी मुळांची अवस्था होते. लिंबोणी, पेरू, टोमॅटो यांची मुळे आपल्या अवतीभवती आम्ल सोडून थोडेफार लोह सोडवून घेण्याचा प्रयत्न करतात, परंतु चुनखडी ते आम्ल तेथल्या तेथे मारून टाकते.

गावातल्या जुन्या घरांमागची परसबाग असेल तर हा त्रास आणखी वाढतो. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, आणि ती पांढरी माती म्हणजे पिढ्यानपिढ्या पडलेल्या माळवदाच्या घरांच्या भिंती, चुना आणि राख यांचा थर असतो. तिच्यात चुनाही जास्त आणि क्षारही जास्त. शहरातल्या नव्या वसाहतींमध्ये पांढरी माती नसली तरी बांधकामाचा मलबा असतो. ठेकेदाराने कुंपणाच्या भिंतीलगत सिमेंट, गिलावा आणि विटांचे तुकडे पुरून वर चार बोटे माती पसरलेली असते आणि नेमकी तेथेच, भिंतीच्या कडेने, लिंबोणी लावली जाते. पालवी पिवळी पडत असलेल्या झाडाशेजारी फूटभर खोल खणून पाहिल्याशिवाय कोणताही उपाय सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. खणलेल्या मातीच्या ढेकळावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून कान जवळ न्यावा. फसफस ऐकू आली किंवा बुडबुडे दिसले, तर त्या मातीत चुना पुष्कळ आहे.

दुसरे कारण पाणी आहे. बोअरच्या ज्या पाण्याने बंबाच्या आत पांढरा थर बसतो, त्याच पाण्यातले बायकार्बोनेट मुळांजवळचा सामू वर ढकलत राहते. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर बहुतेक परसबागा याच पाण्यावर जगतात, आणि उन्हाळ्यात बोअर खोल गेली की अनेक ठिकाणी पाणी आणखी जड होते. जमिनीत चुनखडी कमी असली तरी वर्षानुवर्षे असे पाणी दिल्याने आळ्यातली माती हळूहळू चुनखडीची होत जाते. कुंडीत हे फार लवकर घडते, कारण तेथे मातीच मूठभर असते.

तिसरे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही: मुळांशी पाणी साचणे. मृगाचा किंवा आर्द्राचा चांगला पाऊस झाल्यावर झाड हिरवे व्हायला हवे, पण आठवड्याभरात ते आणखी पिवळे होते, हे पाहून लोक चकित होतात. काळी माती पाण्याने फुगते आणि तिच्यातली हवेची छिद्रे बंद होतात. मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, तो पाण्यात विरघळून चुनखडीला भिडतो आणि बायकार्बोनेट वाढते. शिवाय हवेअभावी मुळे आपले कामच नीट करत नाहीत. माती वाफशावर आली, म्हणजे जास्तीची ओल जाऊन तिच्यात पुन्हा हवा खेळू लागली, की पुढची पालवी पुष्कळदा आपोआप सुधारते. रोज सकाळ-संध्याकाळ नळी लावून आळे ओले ठेवणाऱ्या घरांत हाच पावसाळा बारा महिने चालू असतो, हे येथे स्पष्ट सांगायला हवे.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांचे एक वेगळे वळण आहे. बरीच रोपे पिशवीत लाल मातीत वाढवलेली असतात. ती लावल्यावर पहिले वर्षभर, काही वेळा त्याहून जास्त काळ, झाड तजेलदार राहते, कारण मुळे अजून त्या लाल मातीच्या गोळ्यातच असतात. मुळे गोळ्याबाहेर पडून काळ्या किंवा पांढऱ्या मातीत शिरली की केवडा सुरू होतो आणि मालकाला वाटते की चांगल्या झाडाला कोणता तरी रोग लागला.

काय तातडीने थांबवावे

चुलीची किंवा बंबाची राख लिंबोणीच्या, पेरूच्या आणि टोमॅटोच्या आळ्यात टाकणे थांबवावे. राखेत पालाश असते हे खरे, परंतु ती अल्कधर्मी असते आणि आपल्या मातीला त्याच दिशेने आणखी ढकलते. अंड्यांची टरफले, चुन्याची निवळी आणि खडूची भुकटी यांचेही तेच. हे सल्ले कोकणासारख्या आम्लधर्मी जांभ्या मातीत योग्य ठरतात. तेथील बागायतदाराचा व्हिडिओ पाहून ते जसेच्या तसे परभणीच्या किंवा बीडच्या मातीत वापरले तर झाडाचे नुकसान होते. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट दर महिन्याला चमचाभर टाकण्याची सवयही सोडावी, कारण स्फुरद गरजेपेक्षा जास्त झाले की लोह आणि जस्त दोन्ही आणखी अडतात.

पाण्याच्या टंचाईमुळे आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत लातूरसारख्या शहरांत रुळली आहे. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे कोणी पाणी वाया घालवू पाहणार नाही, हे समजण्यासारखे आहे. तरीही या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. ते फरशी धुण्यासाठी किंवा शौचालयासाठी वापरावे, केवड्याला बळी पडणाऱ्या झाडांना देऊ नये. कपडे धुतलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा असतो, तेही या झाडांसाठी वाईट. न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला, अळूला आणि कर्दळीला सोडण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे आणि ते पाणी तेथेच जाऊ द्यावे.

जिप्समबद्दलही एक गैरसमज आहे. जिप्सम सोडियम साचलेल्या चोपण जमिनीसाठी असते. चुनखडीच्या मातीचा सामू त्याने खाली येत नाही, त्यामुळे केवड्यावर ते औषध नव्हे.

फवारणी: लगेच दिलासा, कायमचा उपाय नव्हे

पिवळी पालवी समोर असताना झाडाला आधी पानांतून लोह द्यावे. हिराकस कृषी सेवा केंद्रात स्वस्तात मिळते आणि त्यात साधारण १९ टक्के लोह असते. त्याचे खडे फिकट हिरवे असावेत. तपकिरी पडलेली भुकटी हवेने खराब झालेली असते आणि ती विकत घेऊ नये. फळझाडांसाठी लिटरला ५ ग्रॅम आणि कोवळ्या भाजीपाल्यासाठी २ ते ३ ग्रॅम इतके प्रमाण पुरते, आणि दोन्हींत लिटरला १ ग्रॅम लिंबू सत्व मिसळावे. बोअरच्या पाण्यात हिराकस टाकले की काही वेळात पाणी तांबूस होते आणि तळाशी गंजासारखा गाळ बसतो, म्हणजे लोह पानात जाण्यापूर्वीच वाया गेलेले असते. फवारणीला लागणारे पाणी थोडेच असते, तेवढ्यासाठी साठवलेले पावसाचे किंवा आरओचे पिण्याचे पाणी वापरावे. तेही नसेल तर बोअरचे पाणी चांगले उकळून, थंड करून, वरचे निवळ घ्यावे. द्रावण त्याच दिवशी संपवावे.

फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंना आणि फक्त नव्या पालवीला लक्ष्य धरून करावी. आठ ते दहा दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन फवारण्या लागतात. एप्रिल-मेच्या दुपारी फवारणी केली तर पाने हमखास करपतात. फरशीवर आणि कपड्यांवर याचे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून कुंडी फवारताना खाली गोणपाट अंथरावे. पालेभाज्या काढण्याच्या बेतात असताना त्यांवर फवारू नये आणि इतर फळे-भाज्या नीट धुऊनच घ्याव्यात. जस्ताचीही लक्षणे असतील तर बाजारात मिळणारे ‘ग्रेड २’ हे फवारणीचे मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य घेता येते, मात्र त्यात लोह केवळ २.५ टक्के असते. तीव्र केवड्याला तेवढे पुरत नाही.

लिंबोणीला नवी फूट प्रामुख्याने जानेवारी-फेब्रुवारीत, जून-जुलैत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. फवारलेले लोह ज्या पानावर पडले तेथेच राहते, पुढच्या फुटीला ते मिळत नाही. त्यामुळे केवळ फवारणीवर विसंबले तर प्रत्येक बहराला तोच खटाटोप करावा लागतो.

मातीतून लोह द्यायचे असेल तर दुकानातून काय आणतो याकडे बारकाईने पाहावे. साधे हिराकस चुनखडीच्या मातीवर नुसते टाकले तर थोड्याच दिवसांत त्याचा गंज होतो. ‘चिलेटेड लोह’ (विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या पदार्थाने धरून ठेवलेले लोह) असे लिहिलेली जी पाकिटे मिळतात, त्यांतले दोन प्रकार ओळखावेत. ईडीटीए प्रकार सामू साधारण ६.५ च्या वर गेला की मातीत टिकत नाही, कॅल्शियम त्यातली लोहाची जागा घेते. तो फवारणीसाठी चालतो, आपल्या मातीत ओतण्यासाठी नाही. ईडीडीएचए हा प्रकार मात्र ८ च्या वरच्या सामूतही टिकतो. त्याची भुकटी गडद लालसर तपकिरी असते आणि पाण्यात टाकली की पाणी लाल होते. तो महाग असतो, पण एखाद-दुसऱ्या फळझाडासाठी लागणारी मात्रा लहान असते. पाकिटावरील प्रमाण पाळून, पालवी फुटण्याच्या सुमारास, ओल्या आळ्यात थोडा खड्डा करून द्यावा आणि वर माती ओढावी, कारण तो उन्हाने खराब होतो. दुकानदाराने दोन्ही सारखेच आहेत असे सांगितले तरी पाकिटावरचे नाव स्वतः वाचावे.

मुळांजवळची माती सुधारणे

सामू उतरवण्यासाठी गंधक टाका, असे सर्रास सांगितले जाते. त्यामागचा हिशोब मांडून पाहिला तर त्याची मर्यादा कळते. एक चौरस मीटर वाफ्यातल्या १५ सेंटिमीटर खोलीच्या मातीचे वजन सुमारे २०० किलो भरते. तिच्यात ५ टक्के चुनखडी असेल तर ती १० किलो झाली, आणि १० किलो चुनखडी संपवायला ३.२ किलो गंधक लागते. इतके गंधक टाकले तर झाडच तगणार नाही. संपूर्ण वाफ्याची माती बदलण्याचा नाद सोडून द्यावा आणि झाडाला काही मुळांपुरती तरी सुधारलेली माती मिळेल अशा जागा तयार कराव्यात. झाडाची थोडीच मुळे लोह घेऊ शकली तरी त्याचे भागते, ही या उपायामागची गुरुकिल्ली आहे.

पद्धत अशी. दहा किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात अर्धा किलो हिराकस आणि पाव किलो गंधकाची भुकटी मिसळावी, मिश्रण ओलसर करून गोणपाटाखाली सावलीत तीन-चार आठवडे ठेवावे आणि मधून मधून खालीवर करावे. शेणखतातले सेंद्रिय पदार्थ लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते मातीत गेल्यावर लगेच अडकत नाही. मोठ्या लिंबोणीच्या किंवा पेरूच्या फांद्यांचा घेर जेथे संपतो, त्या कडेने चार दिशांना पहारीने फूटभर खोल खड्डे घ्यावेत, जाड मुळे तोडू नयेत, आणि हे मिश्रण त्यांत दाबून भरावे. मिश्रण आसपासच्या मातीत कालवू नये, ते एका जागी एकवटलेलेच राहू द्यावे. हे काम मे महिन्याच्या शेवटी केले तर पहिल्या पावसाची ओल आणि जमिनीची ऊब मिळून गंधकावर काम करणारे जिवाणू जोमाने वाढतात. परिणाम दिसायला नव्या पालवीची एक पूर्ण खेप जाते, आणि दोन-तीन वर्षांनी खड्ड्यांच्या जागा बदलून हे पुन्हा करावे लागते.

नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट वापरावे. मुळे अमोनियम घेतात तेव्हा आपल्याभोवती आम्ल सोडतात, नायट्रेट घेतात तेव्हा याच्या उलट घडते. पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट यांचे चार बोटे जाड आच्छादन आळ्यावर ठेवावे, खोडाला मात्र ते टेकू देऊ नये. आच्छादनाने पाणी कमी लागते, आणि जड पाणी जितके कमी द्यावे लागेल तितके चांगले. पुढचे पाणी देण्यापूर्वी बोटभर खोल माती चाचपून पाहावी आणि वाफसा आल्यावरच पाणी द्यावे. भाज्यांसाठी सपाट वाफ्यांऐवजी गादीवाफे केले तर पावसाळ्यातला केवडा बराच कमी होतो.

गहू, जव, मका यांसारख्या तृणवर्गीय पिकांची मुळे लोहाला धरून विरघळवणारा पदार्थ मातीत सोडतात आणि शेजारच्या झाडालाही त्याचा लाभ होतो. चुनखडीच्या मातीत भुईमुगाशेजारी मका घेतल्याने भुईमुगाचा केवडा कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. परसात भुईमुगाच्या दोन ओळींमागे एक ओळ मक्याची टाकायला खर्च काही नाही, आणि कणसे मिळतात ती वेगळीच.

पाण्याचा बंदोबस्त

छतावरचे पावसाचे पाणी हा या दुखण्यावरचा खरा उपाय आहे असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात चुना नाही आणि बायकार्बोनेटही जवळजवळ नाही. शंभर चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी साडेबारा मिलिमीटरच्या एका सरीत १,००० लिटरची टाकी भरते. मोसमातल्या पहिल्या पावसाचे पाणी छत धुऊन जाऊ द्यावे आणि त्यानंतरचे जाळीतून गाळून झाकलेल्या टाकीत घ्यावे, म्हणजे डास होत नाहीत. हे पाणी सगळ्या बागेला पुरणार नाही आणि पुरवण्याची गरजही नाही. गवार, पालक आणि शेवगा बोअरच्या पाण्यावर वाढू द्यावेत. टाकीतले पाणी फवारणीसाठी, कुंड्यांसाठी आणि लिंबोणीच्या नव्या फुटीच्या दिवसांसाठी राखून ठेवावे.

साठवण शक्य नसेल तर कुंड्यांना देण्याच्या पाण्यात लिंबू सत्व मिसळता येते. पाण्याच्या तपासणीत बायकार्बोनेट लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर १५ लिटरच्या बादलीला ४ ग्रॅम पुरेसे होते. सामू मोजण्याच्या कागदी पट्टीवर ६ ते ६.५ दिसला की थांबावे. मातीतले जिवाणू लिंबू सत्व खाऊन संपवतात आणि बायकार्बोनेट पुन्हा तयार होते, त्यामुळे त्याचा परिणाम थोडे दिवसच टिकतो. म्हणून रोज देण्यापेक्षा ईडीडीएचए देण्याच्या आधी-नंतरच्या एक-दोन पाण्यांत ते द्यावे. कुंडीतली माती वर्ष-दोन वर्षांनी बदलावी आणि पावसाळ्यात एखादी मोठी सर कुंड्यांमधून आरपार वाहू द्यावी, म्हणजे क्षार धुऊन जातात.

तपासणी आणि झाडांची निवड

नवी फळझाडे लावण्याआधी जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्यावे. अर्जात सामू आणि विद्राव्य क्षारांसोबत मुक्त चुनखडी आणि उपलब्ध लोह हे दोन घटक आवर्जून मागावेत, कारण नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाशच्या अहवालात ते नसू शकतात. उपलब्ध लोह किलोला ४.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती जमीन लोहाच्या बाबतीत उणी समजली जाते. मुक्त चुनखडी १० टक्क्यांच्या वर गेली असेल तर लिंबोणी किंवा मोसंबी लावण्याचा हट्ट धरू नये. लावायचीच असेल तर रंगपूर लिंबाच्या खुंटावरचे (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात तो खालचा भाग) कलम मागावे, तो खुंट चुनखडी तुलनेने चांगली सोसतो.

पांढरीतल्या किंवा मुरमाड, चुनखडीच्या परसात सीताफळ, बोर, आवळा, चिंच, कवठ आणि शेवगा ही झाडे फारशी तक्रार करत नाहीत. बीडच्या बालाघाट डोंगररांगेत सीताफळ कोणाच्याही देखभालीशिवाय वाढते, त्यामागे हेच कारण आहे. लिंबोणीची हौस असेल तर ती मोठ्या ड्रममध्ये, बाहेरून आणलेल्या बिनचुनखडीच्या मातीत आणि पावसाच्या पाण्यावर वाढवणे अधिक सोयीचे ठरते.

हे सारे करूनही नव्या पालवीच्या दोन खेपांमध्ये झाड सुधारले नाही, तर खोडाच्या बुंध्याशी माती बाजूला करून पाहावे. साल ओलसर, काळपट झालेली असेल आणि तिच्यातून डिंक पाझरत असेल, किंवा मोठ्या पानांच्या मधल्या शिराच पिवळ्या पडल्या असतील, तर तो डिंक्या आणि मूळकूज यांचा प्रकार असतो. तेथे लोह देऊन काही साधत नाही. बुंध्याभोवतीची ओली माती आणि आच्छादन दूर करावे, पाणी खोडापासून हातभर लांब द्यावे, सडलेली साल धारदार चाकूने खरवडून त्या जागी बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचे मलम) लावावे, आणि बुंध्याची साल चहूबाजूंनी गेलेली असेल तर ते झाड काढून टाकून त्याच खड्ड्यात पुन्हा लिंबूवर्गीय झाड लावू नये.